विशेषण नसलेली पावडर

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. दारातच त्यांनी माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कपडे कशाने धुतेस?"

मी एका पावडरचं नाव सांगितलं. टीव्हीवर सारखी दिसायची ती.

"त्यात काय काय असतं?"

"माहीत नाही."

"दिवसभर अंगाला चिकटून असतं, आणि माहीत नाही." बाईंनी ओढणी सोडली. "ये वर. खोली दाखवते."

मी नांदगावहून नुकतीच नाशिकला आले होते. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि राहायला जागा हवी होती. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, जुन्या कॉलनीतला हा बंगला. खाली बाई एकट्या राहायच्या, वर माझी खोली आणि खोलीसमोर गच्ची. बाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. यजमान पूर्वीच गेलेले. मुलगा पुण्याला. तो महिन्यातून एकदा आईला भेटायला यायचा आणि येताना महिन्याचं धुणं घेऊन यायचा. आई आणि धुणं यांतलं नेमकं कोण त्याला ओढून आणत होतं ते बाई विचारत नसत.

भाडं सांगून झाल्यावर त्यांनी एकच अट घातली. "या घरात बाजारची पावडर येणार नाही. मी करते ती वापरायची. भाड्यातच धरलीय."

मला वाटलं, म्हातारीला एकटेपणात काहीतरी छंद जडला असेल. पण छंद हा शब्द बाईंना आवडायचा नाही. "छंद पोस्टाच्या तिकिटांचा असतो," त्या म्हणायच्या. "हे काम आहे."

काम चालायचं स्वयंपाकघरामागच्या पडवीत. तिथे एक जुना मिक्सर होता, दोन मोठे ॲल्युमिनियमचे डबे, एक किसणी आणि रिठे वाळत घातलेलं सूप. सामान रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायचं. दुकानदार बाईंना आत बोलावून पोत्यातले रिठे स्वतः निवडू द्यायचा. त्यांनी बाहेर उभं राहून निवडले तर बाकीच्या गिऱ्हाइकांनाही निवडायची सवय लागते, असं त्याचं म्हणणं होतं. मग घरी येऊन साबणाची पांढरी वडी किसायची, कीस उन्हात कडक वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, त्यात धुण्याचा सोडा आणि थोडा टाकणखार मिसळायचा. रिठ्यांचं वेगळं. ते रात्रभर भिजवून उकळायचे, कुस्करून गाळायचे. ते पाणी रेशमी आणि लोकरी कपड्यांसाठी.

हे सगळं मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, आणि शिकवलं ते व्याकरणात. रसायनशास्त्राचा त्यांना गंध नव्हता आणि तो नसल्याचं दुःखही नव्हतं.

"साबण म्हणजे कर्ता," त्या किसता किसता म्हणाल्या. "सोडा म्हणजे क्रियापद. तो नसेल तर वाक्य पुरं होत नाही, कपडा नुसता ओला होतो. टाकणखार क्रियाविशेषण. असला तर बरं."

"आणि वास?" मी विचारलं. माझ्या पावडरला मोगऱ्याचा वास यायचा.

"वास म्हणजे विशेषण. ज्याला नामाची खात्री नसते तो विशेषणं लावत सुटतो."

मी पहिल्यांदा त्यांच्या पावडरने कपडे धुतले तेव्हा बादलीत फेसच आला नाही. मी जिन्यावरून खाली ओरडले, "बाई, फेस नाही येत!"

खालून आवाज आला, "फेस म्हणजे टाळ्या! टाळ्या पडल्या म्हणजे भाषण चांगलं झालं असं कुणी सांगितलं तुला?"

कपडे मात्र निघाले. मोगरा नव्हता, काहीच नव्हतं. वाळल्यावर उन्हाचा म्हणून जो एक वास असतो तेवढाच.

पण त्याआधी पोह्यांचं प्रकरण झालं होतं. मी राहायला आले त्या पहिल्या शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, नवीन भाडेकरूने घरमालकिणीला खाऊ घालावं म्हणून मी त्यांच्याच स्वयंपाकघरात पोहे केले. मला तेव्हा जबरदस्त सर्दी होती. ओट्याच्या कडेला वाटीत खवलेलं खोबरं दिसलं. पांढरंशुभ्र, बारीक, मोकळं. मी ते दोन्ही बशांवर सढळ हाताने पसरलं, वर कोथिंबीर.

बाईंनी पहिला घास घेतला. चावला. माझ्याकडे बघितलं. दुसरा घास घेतला नाही, पण बशी खालीही ठेवली नाही.

"मीठ कमी झालं का?" मी विचारलं.

"मीठ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "फोडणीही छान. फक्त हे पोहे खाऊन झाल्यावर बशी धुवायला नको."

तोपर्यंत माझ्या तोंडात पहिला घास गेला होता. पुढची काही मिनिटं आम्ही दोघी मोरीपाशी आळीपाळीने चुळा भरत होतो आणि मधेमधे हसत होतो. बाई हसायला लागल्या की त्यांचा आवाज बंद व्हायचा आणि नुसते खांदे हलायचे. त्या दिवसापासून साबणाच्या किसाचा डबा स्वयंपाकघरातून हद्दपार झाला. किसणीच्या दांड्याला लाल दोरा बांधला गेला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दोरा दाखवून बाई सांगायच्या, "ही आमच्या भाडेकरूची खूण."

धुणं वाळत घालण्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. शर्ट खालच्या कडेने टांगायचा, खांद्याने कधीच नाही, कारण चिमट्याची खूण खांद्यावर उमटली की "माणूस कुणीतरी उचलून ठेवल्यासारखा दिसतो". रंगीत कपडे उलटे करून. चादरी बाहेरच्या दोरीवर, म्हणजे आतल्या दोऱ्यांवरच्या कपड्यांची अब्रू राहते. धुण्याचं पहिलं पाणी गटारात, कारण टाकणखार झाडांना सोसत नाही. शेवटचं पाणी कर्दळीला. ती कर्दळ अशी माजली होती की फाटक उघडताना तिला आधी बाजूला सारावं लागायचं.

घराबाहेरही बाईंचं लक्ष कपड्यांवरच. भाजीवालीच्या पदरावर गंजाचा डाग दिसला की तिच्याकडूनच लिंबू विकत घेऊन तिलाच परत द्यायच्या आणि वर कसं चोळायचं ते सांगायच्या. कुणाच्या सांत्वनाला गेल्या तर तिथे गंभीरपणे बसायच्या, योग्य तेवढंच बोलायच्या, पण निघताना दारात थांबून हळूच म्हणायच्या, "ती सतरंजी एकदा उन्हात घाला."

माझी आई एकदा नांदगावहून आठ दिवस राहायला आली. गच्चीवरचे वाळलेले कपडे काढताना तिने एकेक कपडा नाकाला लावला आणि बाईंना म्हणाली, "ताई, ह्यांना वासच नाय कशाचा."

"तोच तर वास," बाई खूश होऊन म्हणाल्या.

आईला ते पटलं नसावं, पण कपडा मऊ राहतो हे पटलं. जाताना ती डबाभर पावडर घेऊन गेली. चारच दिवसांत तिचा फोन. बाईंशीच बोलायचं होतं तिला.

"ताई, तुमची पावडर आमच्या पाण्यात टाकली की दही हुतंय हो! बादलीवर नुसत्या साया. लुगडं चिकट झालंय."

बाईंचा चेहरा उतरला. दोन दिवस त्या कमी जेवल्या. नांदगावकडचं पाणी जड, त्यात साबण विरघळण्याऐवजी फुटतो, हे त्यांनी कुणाकुणाला विचारून शोधून काढलं. मग सोडा वाढवून, साबण घटवून त्यांनी नवीन मिश्रण केलं आणि एसटीने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आईकडे पाठवलं. डब्यावर चिठ्ठी होती, 'नांदगाव आवृत्ती, सुधारून.' आईचा फोन आला, "आता बरी हाय." हे 'बरी हाय' बाईंनी मला तीनदा सांगायला लावलं.

असंच एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. पिंपळगाव बसवंतला त्याचा द्राक्षांचा मोठा व्यापार, स्वतःचं कोल्ड स्टोअरेज, दारात लांबलचक गाडी. शाळेत असताना बाईंनी त्याला शुद्धलेखनावरून पुष्कळ छळलं होतं, आणि त्या छळाबद्दल त्याच्या मनात कायमचा आदर होता. बायकोने बाईंची पावडर वापरली म्हणे, आणि तो भारावून गेला होता. पावडर बाजारात आणायची, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. लेबलाचा नमुनाही छापून आणला होता. चकचकीत कागद, एक हसणारी बाई, मागे डोंगर, आणि वरपासून खालपर्यंत मजकूर. 'अद्भुत, जादुई, शंभर टक्के नैसर्गीक, रेशमी मुलायम स्पर्शाची, पारंपारीक गुणकारी धुण्याची पावडर.'

बाईंनी चष्मा लावला. खणातून लाल पेन काढलं. आधी 'नैसर्गीक'चा आणि 'पारंपारीक'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, 'पारंपारीक'मधला जास्तीचा काना काढला. मग म्हणाल्या, "आता सुधारलेलं खोडते," आणि एकेक शब्द खोडत गेल्या. अद्भुत गेलं. जादुई गेलं. स्पर्श गेला, गुण गेले. शेवटी लेबलावर 'धुण्याची पावडर' एवढंच उरलं.

"हे छाप. मग विचार करू."

"बाई, असं छापलं तर कोण घेईल?"

"मग नको छापू. चहा घेतोस ना?"

तो खो खो हसला. चहा प्यायला, डबाभर पावडर घेऊन गेला. ते लाल रेघांनी भरलेलं लेबल त्याने फ्रेम करून आपल्या ऑफिसात लावलंय, असं पुढे कळलं. धंदा तिथेच संपला.

हे सगळं बाईंनी सुरू का केलं, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. एकदा किसणीवर बसल्या असताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. चादरी रोज धुवाव्या लागायच्या. म्हातारपणाची कातडी, पातळ झालेली. त्या म्हणायच्या, चादर टोचते. डॉक्टरांनी मलमं दिली आणि पावडर बदलून बघा म्हणाले. बाईंनी बाजारातल्या सगळ्या पावडरी बदलून बघितल्या.

"आमचं दोघींचं कधी पटलं नाही गं," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून नाही. पण टोचतंय म्हणणाऱ्या माणसाला टोचत ठेवायचं, हे काही मला जमेना. मग कुणाकुणाला विचारत विचारत ही सुरू केली. पहिली चादर मऊ निघाली तेव्हा त्या दिवशी त्यांनी चादरीला नावं ठेवली नाहीत."

"छान म्हणाल्या?"

"छे! उशीला नावं ठेवली. पण मला कळलं ना." आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

बाईंची खरी मैत्रीण एकच. शेजारच्या घरातली खाला. सगळी कॉलनी तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणायची, वयाने मोठ्या असून बाईसुद्धा. खाला घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, सलवार-कमीज, फॉल-पिको. तिची मुलं बाईंच्याच हाताखाली मराठी शिकलेली. दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत होती. सकाळी दहाच्या सुमाराला शिवणयंत्राचा आवाज थांबला की बाई भिंतीशी जायच्या. तिथे चहाचा कप इकडून तिकडे जायचा आणि शिवायला नेलेल्या कपड्यांवर दोघींची चर्चा चालायची. एक कापडाच्या बाजूने बोलायची, दुसरी डागांच्या.

खालाच्या धाकट्या मुलीचं, निलोफरचं, लग्न ठरलं. निकाहाला तिने आजीची ओढणी घ्यायची असं ठरलं होतं. खालाच्या अम्मीची ती ओढणी, दुधी रंगाची, रेशमी, लाल काठाची, काठावर बारीक जर. खालाने स्वतःच्या लग्नात तीच घेतली होती. पेटीत राहून राहून तिच्यावर पिवळट डाग पडले होते. खाला भिंतीशी सहज म्हणाली, की शहरात ड्रायक्लीनरकडे टाकते.

"ड्रायक्लीनरकडे?" बाईंचा चहा कपात हिंदकळला. "मी इथे जिवंत असताना?"

"नको बाई, राहू द्या. जुनी चीज आहे. आणि अम्मीची आहे."

"म्हणून तर. रेशमाला रिठ्यासारखं दुसरं काही नाही. आण इकडे."

"नको ना बाई."

"आण म्हणते ना मी."

 खाला आत जाऊन ओढणी घेऊन आली आणि भिंतीवरून दिली. देताना तिचे हात लगेच सुटले नाहीत, हे मी पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही.

सातपूरला सुट्टी शनिवारी असते, म्हणून ओढणी धुतली त्या दिवशी मी घरी होते. बाईंनी रिठ्याचं पाणी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. ते कोमट केलं, मोठ्या परातीत ओतलं. ओढणीचं एक दुधी टोक आधी बुडवून पाहिलं. काही झालं नाही. उलट पिवळेपणा सुटायला लागला. "बघितलंस?" त्या म्हणाल्या, आणि सगळी ओढणी पाण्यात सोडली.

मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तेव्हा बाई परातीसमोर पाटावर बसल्या होत्या. हात पाण्यात होते, पण हलत नव्हते. परातीतलं पाणी गुलाबी झालं होतं. काठाचा लाल रंग सुटला होता आणि दुधी रेशमावर जागोजागी चढला होता. कुठे फिका, कुठे गडद, कुठे नुसते ओघळ.

"काठ तपासला नाही मी," बाई म्हणाल्या. माझ्याशी नाही, परातीशी.

मग गार पाणी झालं, मिठाचं पाणी झालं, पुन्हा गार पाणी झालं. गुलाबी काही गेलं नाही. बाईंनी ओढणी स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळली, परातीत ठेवली आणि उठल्या.

"चल माझ्याबरोबर."

"बाई, आधी काही उपाय सापडतो का बघू या. वाळल्यावर कदाचित..."

"आधी सांगायचं. उपाय मग."

खालाच्या घरी शिवणयंत्र चालू होतं. आम्हाला बघून थांबलं. बाईंनी परात टेबलावर ठेवली, टॉवेल उघडला आणि म्हणाल्या, "खाला, माझी चूक झाली. टोक तपासलं, काठ तपासला नाही. रंग सुटला."

खालाने ओली ओढणी उचलली. दोन्ही हातांनी उजेडात धरली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने ओढणीची हळूच घडी घातली, मांडीवर ठेवली, आणि म्हणाली, "बाई, मी नको म्हटलं होतं."

बाईंनी मान हलवली. आम्ही परत आलो.

त्यानंतर दहा वाजता यंत्र थांबायचं, पण भिंतीशी कुणी यायचं नाही. बाई पडवीत जायच्या, डबे पुसायच्या, परत यायच्या. किसणी दोऱ्यासकट खिळ्याला लटकलेली. रिठ्यांच्या सुपावर वर्तमानपत्र. माझ्या डब्यातली पावडर संपली तेव्हा मी खाली येऊन नुसती उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आण."

मी आणलं. बादलीत फेस मावेना. सगळ्या गच्चीवर मोगऱ्याचा वास सुटला. मी ते कपडे बाहेरच्या दोरीवर घातले नाहीत.

लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी, संध्याकाळी, निलोफर कर्दळ बाजूला सारून आत आली. हातात पत्रिका होती.

"बाई, यायचंय तुम्ही. मी बोलवतेय."

"आई काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"अम्मी तुमचं नाव काढत नाही. पण ओढणी टाकली नाही तिने. जुन्या नाशकात रंगाऱ्याकडे घेऊन गेली स्वतः. त्याने आख्खी बुडवून दिली, एकसारखी गुलाबी. काठाचं लाल तेवढं वेगळं ठेवलं. खरं सांगू का बाई, मला आता जास्त आवडतेय. पांढरी मला शोभत नव्हतीच. अम्मीला बोलता येत नव्हतं मला."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "रंग पक्का आहे का, विचारलंस?"

"बाई!" निलोफर हसत सुटली.

निकाहाला आम्ही दोघी गेलो. बाई हॉलच्या अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या, म्हणजे कुणाला नको असलं तर निघता येईल. निलोफर गुलाबी ओढणीत खरंच सुंदर दिसत होती. खाला पाहुण्यांत सारखी इकडून तिकडे जात होती. एकदा तिची आणि बाईंची नजर भेटली. खाला थांबली, आणि मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेली. बाई म्हणाल्या, "चल, झालं. निघू या." तेवढ्यात खालाची वहिनी दोन ताटं घेऊन आली. भात, पनीरची भाजी, बटाट्याचा रस्सा, गोड. "खाला म्हणाली बाईंचं वेगळं करून ठेवलंय, शाकाहारी, वेगळ्या भांड्यात. जेवल्याशिवाय सोडू नका म्हणाली."

बाई ते ताट मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मग जेवल्या. सगळं संपवलं. पान पुसून घ्यावं तसं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. दारात खाला उभी. समोर जमिनीवर हे एवढं गाठोडं. ते तिने भिंतीवरून दिलं नव्हतं, रस्त्याने फिरून, ओढत आणलं होतं.

"दस्तरखान आहेत," ती म्हणाली. जेवायला बसताना मधे अंथरतात त्या लांबच लांब पांढऱ्या चादरी. सगळ्या वऱ्हाडाने त्यावर जेवलेलं. रश्शाचे, तेलाचे, हळदीचे डागच डाग. "माझ्या पोरांनी चूक केली की तुम्ही दहा-दहा वेळा लिहायला लावायच्या. आता तुम्हाला शिक्षा. धुवा हे."

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे. आणि वास नको काही. साधे धुवा."

एवढं बोलून ती वळली आणि गेली. बाईंनी गाठोड्यावर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, "ऑफिसात फोन कर. आज तुला बरं नाही."

तासाभरात पडवी पुन्हा जागी झाली. मी वड्या किसल्या, कीस गच्चीवर कडक उन्हात टाकला, बाईंनी मिक्सर लावला. सोडा घेताना त्यांनी हात आखडला नाही. मोठ्या पातेल्यांत ऊन पाणी, त्यात पावडर, त्यात दस्तरखान. झाकण ठेवून आम्ही चहा प्यायलो. परत येऊन झाकण काढलं तर सगळे डाग लालभडक झालेले. हळद जिथे जिथे होती तिथे तिथे लाल.

बाईंचा हात तसाच हवेत राहिला.

"हळदीचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "सोड्याने लाल होते. मला माहीत आहे." पण आवाजात ते माहीत असणं पुरतं नव्हतं. त्यांनी दस्तरखान चोळले, पिळले, पुन्हा पाण्यातून काढले. लाल उतरून पुन्हा पिवळं झालं, पण गेलं नाही. मग आम्ही दोघींनी ते ओझं जिन्यावरून वर नेलं आणि एकेक करून गच्चीवर टाकलं, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत. मार्चचं ऊन होतं. बाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या आणि त्या पिवळ्या डागांकडे बघत राहिल्या. जेवायलाही खाली आल्या नाहीत. मी त्यांना वर भाकरी नेऊन दिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी गेले. पिवळं कुठे होतं ते आता दाखवता येत नव्हतं. कापडं कोरी दिसत होती, डोळ्यांत भरण्याइतकी पांढरी.

जिन्यावर पावलं वाजली. खालाचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती आमच्या गच्चीवर कधी आली नव्हती. धापा टाकत ती वर आली, कठड्याला टेकून उभी राहिली, आणि तिने एकेक दस्तरखान नीट, कडेपासून कडेपर्यंत बघितला. शिवणाऱ्या माणसाची नजर ती. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, तोंडी परीक्षेला उभी राहिलेली मुलगी असावी तशा.

"घडी करायला मदत लागेल तुम्हाला," खाला म्हणाली. "हिची उंची नाही पुरायची."

मी बाजूला झाले. दोघींनी पहिला दस्तरखान उचलला. खालाने एक टोक धरलं, बाईंनी दुसरं, आणि गच्चीच्या दोन कडांना उभ्या राहून त्यांनी तो ताणला. मग चालत एकमेकींकडे आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला. पुन्हा मागे सरल्या, पुन्हा ताणला, पुन्हा जवळ आल्या. 

"तुमच्याकडचा कोपरा ढिला आहे बाई," खाला म्हणाली. "नीट धरा."

बाईंनी कोपरा घट्ट धरला.